कृत्तिकांचा तारकागुच्छ : शाळेच्या दुर्बिणीतून पाहण्याची व मोजण्याची रीत

शाळेत एखादी लहान दुर्बीण आली म्हणजे मुलांना प्रथम चंद्र दाखविला जातो. मग गुरूचे उपग्रह आणि शनीचे कडे. हे योग्यच आहे. परंतु या दृश्यांत मुलाने स्वतः करावे असे फारसे काही उरत नाही. ते पाहते, आश्चर्य पावते आणि पुढच्या मुलाला जागा देते. कृत्तिकांचे तसे नाही. येथे मुलाला मोजावे लागते, मोजलेले पुन्हा पडताळावे लागते आणि आपल्याला दिसलेली संख्या शेजाऱ्याच्या संख्येहून निराळी असली तरी ती तशीच लिहावी लागते. निरीक्षणाचा पाठ म्हणून या तारकागुच्छाची योग्यता मोठी आहे ती यामुळेच.

मात्र हा पाठ एका वाक्याने वाया जाऊ शकतो. “कृत्तिका सात आहेत, पाहा बरे,” असे शिक्षकाने आधीच सांगितले, की वर्गातील बहुतेक मुलांना सात तारे दिसू लागतात. वस्तुतः साध्या डोळ्यांना सामान्यतः सहाच तारे स्पष्ट दिसतात. सातवा तारा मुलाने पाहिलेला नसतो; गुरुजींच्या शब्दाखातर तो मान्य केलेला असतो. डोळ्यांपेक्षा सांगणाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवण्याची सवय याच वयात लागते आणि पुढे ती मोडणे कठीण जाते. म्हणून कृत्तिका दाखविताना संख्या सांगू नये, विचारावी, हे पहिले सूत्र होय. पुढील विवेचन या सूत्राला धरूनच केले आहे.

तारकागुच्छ म्हणजे काय

आकाशात जवळजवळ दिसणारे तारे खरोखरच एकमेकांजवळ असतात असे नाही. एक तारा जवळचा आणि दुसरा फार दूरचा असूनही आपल्या दृष्टिरेषेत ते शेजारी दिसू शकतात. रस्त्यावरील दिवा आणि त्यामागच्या दूरच्या टेकडीवरील दिवा रात्री लगत दिसावेत, तसाच हा प्रकार आहे. याउलट वायू व धूळ यांच्या एकाच विशाल मेघातून एकाच सुमारास जन्मलेले आणि परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने सैलपणे बांधलेले तारे एकत्र प्रवास करीत असतील, तर त्या समुदायास खुला तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिका हा असा खुला तारकागुच्छ आहे. त्यातील ज्ञात ताऱ्यांची संख्या हजारावर आहे.

हे तारे खरोखरच एका कुळातील आहेत हे कसे कळले? इंग्लंडमधील जॉन मिचेल यांनी १७६७ साली एक गणित मांडले. कृत्तिकांतील सहा ठळक ताऱ्यांएवढे तेजस्वी तारे आकाशात सर्वत्र वाटेल तसे विखुरले, तर त्यांतील सहा इतके जवळ येण्याचा योग किती, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. उत्तर आले, सुमारे पाच लाखांत एक. अर्थात हा समुदाय केवळ योगायोगाने जुळलेला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे ताऱ्यांच्या स्थानांची काटेकोर मापने झाली, तेव्हा हे तारे आकाशात एकाच दिशेने व एकाच वेगाने सरकत असल्याचे आढळले आणि मिचेल यांचा तर्क खरा ठरला.

उलट उदाहरणही जवळच आहे. रोहिणीचा तांबूस तारा आणि त्याच्या शेजारचे लहान तारे मिळून एक कोन बनतो. त्यातील लहान तारे हा सुमारे १५० प्रकाशवर्षे दूर असलेला दुसरा एक तारकागुच्छ आहे. परंतु रोहिणी स्वतः त्या कुळातील नाही. ती सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे निम्म्याहून कमी अंतरावर आहे. पंक्तीत बसलेला प्रत्येक जण घरचाच असतो असे नाही, हे मुलांना या उदाहरणावरून सहज समजते.

कृत्तिका केव्हा व कोठे पाहाव्यात

कार्तिक महिन्याला कृत्तिकांवरून नाव मिळाले. कारण त्या महिन्याची पौर्णिमा या नक्षत्राच्या आसपास होते. कार्तिकात सायंकाळी कृत्तिका पूर्वेस उगवतात. डिसेंबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास त्या पूर्वेच्या आकाशात निम्म्याहून वर आलेल्या असतात, आणि जानेवारीच्या मध्यास रात्री साडेआठच्या सुमारास महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे, दिसतात. एप्रिलमध्ये त्या पश्चिमेस उतरू लागतात. मे महिन्यात शेतकरी ज्या दिवसांना ‘कृत्तिका नक्षत्र’ म्हणतात, त्या दिवसांत सूर्यच कृत्तिकांपाशी असल्यामुळे त्या मुळीच दिसत नाहीत. पंचांगातील नक्षत्र आणि आकाशातील नक्षत्र यांचा हा संबंध मुलांच्या घरच्या बोलण्यातील असल्याने अवश्य समजावून द्यावा.

शोधण्याची खूण सोपी आहे. मृगाच्या मध्यभागी एका ओळीत तीन तारे आहेत. ही ओळ वायव्येकडे वाढवीत नेली असता प्रथम तांबूस रोहिणी लागते आणि आणखी पुढे गेल्यावर कृत्तिकांचा लहानसा झुबका दिसतो. पाहण्यासाठी चांदणे नसलेली रात्र निवडावी. गावातील दिव्यांपासून दूर, आडोशाची जागा घ्यावी. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास किमान वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मृग, रोहिणी आणि कृत्तिका यांची ओळख करून देण्यात घालवावा. नोंदीसाठी लागणाऱ्या विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद बांधावा.

प्रथम साध्या डोळ्यांनी मोजणी

दुर्बिणीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाने साध्या डोळ्यांनी तारे मोजावेत. प्रत्येकाच्या हाती वर्तुळ काढलेला एक कागद द्यावा आणि दिसलेले तारे त्यात टिंबांनी मांडण्यास सांगावे. एकमेकांचा कागद पाहू देऊ नये. सर्वांत तेजस्वी तारा अल्सायनी. तो सुमारे तिसऱ्या प्रतीचा आहे. त्यानंतर अ‍ॅटलास, इलेक्ट्रा, माया, मेरोपी आणि टायगेटा हे क्रमाने मंद होत जातात. हेच ते सहा. प्लायोनी हा तारा सुमारे पाचव्या प्रतीचा असून अ‍ॅटलासच्या अगदी लगत, चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सहाव्या हिश्श्याइतक्या अंतरावर आहे. म्हणून तो वेगळा दिसण्यास दृष्टी तीक्ष्ण आणि आकाश स्वच्छ असावे लागते. सेलीनो व अ‍ॅस्टेरोपी त्याहूनही मंद आहेत.

काही मुले पाच तारे मांडतील, काही सहा. एखादे आठ वा नऊही मांडील. यात आश्चर्य नाही. केप्लर यांचे गुरू मिखाएल मेस्टलिन यांनी १५७९ साली, दुर्बीण प्रचारात येण्यापूर्वी, या समुदायातील अकरा तारे केवळ डोळ्यांनी पाहून रेखाटले होते. तेव्हा जास्त संख्या सांगणाऱ्या मुलास एकदम खोटे ठरवू नये. त्याने काढलेली टिंबे कागद जपून ठेवून नंतर दुर्बिणीतील दृश्याशी ताडून पाहावीत. जागा जुळल्या तर मूल खरे.

कमी संख्या सांगणाऱ्या मुलाकडे मात्र शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. इतरांना पाच-सहा तारे वेगळे दिसत असता एखाद्या मुलास वारंवार केवळ पांढुरका डाग दिसत असेल, आणि तेच मूल फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करीत असेल, तर त्यास दूरचे नीट दिसत नसण्याचा संभव आहे. अशा मुलाची थट्टा होऊ देऊ नये व त्यास चारचौघांत काही विचारूही नये. पालकांस समक्ष भेटून डोळे तपासून घेण्यास सांगावे, आणि शाळेत आरोग्य तपासणी होते तेव्हा त्याचे नाव आवर्जून पुढे करावे. कृत्तिका म्हणजे नेत्रपरीक्षा नव्हे. परंतु एका मुलास वेळेवर चष्मा मिळाला, तरी त्या रात्रीचा पाठ सत्कारणी लागला असे समजण्यास हरकत नाही.

दुर्बिणीची निवड : शक्ती कमी, क्षेत्र मोठे

दुर्बीण जितकी मोठे करून दाखवील तितकी चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. कृत्तिकांच्या बाबतीत तो उलटा ठरतो. इलेक्ट्रापासून अ‍ॅटलासपर्यंतचे अंतर आकाशात सुमारे एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवल्याइतके आहे. आणि बाहेरचे तारे धरले तर समुदायाचा विस्तार दोन अंशांवर जातो. दुर्बिणीतून एका वेळी आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो, तो याहून लहान असला तर तारकागुच्छ दिसतच नाही. दिसतात ते चार-दोन सुटे तारे. वावराच्या कुंपणातील भोकाला डोळा लावून पीक कसे आले आहे हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

उदाहरणार्थ, ७० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग आणि ७०० मिलिमीटर केंद्रांतर असलेली दुर्बीण घेऊ. वस्तुभिंगाच्या केंद्रांतराला नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले म्हणजे वर्धनशक्ती मिळते. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास ती २८ पट होते आणि साधारण नेत्रिकेतून सुमारे पावणेदोन अंशांचे क्षेत्र दिसते. त्यात समुदायाचा मुख्य भाग मावतो. १० मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास वर्धनशक्ती ७० पट होते, परंतु क्षेत्र पाऊण अंशाहूनही कमी उरते. यास्तव सर्वांत जास्त केंद्रांतराची नेत्रिका, म्हणजे सर्वांत कमी शक्ती, निवडावी.

आपल्या दुर्बिणीचे क्षेत्र किती, हे मोठ्या मुलांकडून मापून घेता येते. मृगाच्या तीन ताऱ्यांपैकी मधला तारा खगोलीय विषुववृत्ताजवळ आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो चार मिनिटांत एक अंश सरकतो. दुर्बीण स्थिर ठेवून तो तारा क्षेत्राच्या एका कडेपासून मध्यातून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास किती मिनिटे लागली हे घड्याळात पाहावे व त्या संख्येस चाराने भागावे. अंशांतील क्षेत्र मिळते. सात मिनिटे लागल्यास क्षेत्र पावणेदोन अंशांचे होय. त्रैराशिकाचा असा उपयोग मुले सहसा विसरत नाहीत.

मोठ्या भिंगाचा खरा लाभ मोठे दाखविण्यात नसून अधिक प्रकाश गोळा करण्यात आहे. अंधारात मुलाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटरपर्यंत उघडते. ७० मिलिमीटरचे भिंग व्यासाने दहापट, म्हणून क्षेत्रफळाने शंभरपट असते आणि शंभरपट प्रकाश डोळ्यात आणते. साध्या डोळ्यांना न दिसणारे तारे दिसू लागतात ते यामुळे.

शाळेत दुर्बीण नसल्यास खंत करू नये. सात किंवा दहा पट शक्तीची, ५० मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री दुर्बीण या कामास उत्तम असते; तिच्या पाच ते सात अंशांच्या क्षेत्रात संपूर्ण समुदाय भोवतालच्या काळ्या आकाशासह दिसतो. हात थरथरू नयेत म्हणून सतरंजीवर उताणे पडून, कोपर टेकून पाहावे. तिपाईवरील दुर्बीण थेट डोक्यावर वळविणे अवघड जाते; म्हणून कृत्तिका माथ्यावर येण्यापूर्वी वा माथ्यावरून ढळल्यावर पाहणे सोयीचे. दुर्बीण दिवसा मुलांच्या हाती एकटी सोडू नये. तिच्यातून सूर्याकडे एक क्षण पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुर्बिणीतून काय दिसते

गॅलिलिओ यांनी १६१० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत कृत्तिकांची आकृती दिली आहे. त्यांनी सहा ठळक तारे मोठे काढले आणि त्यांभोवती दुर्बिणीतून नव्याने दिसलेले तारे मांडले. सर्व मिळून छत्तीस. आजची शाळेची साधी दुर्बीण त्यांच्या दुर्बिणीहून स्पष्ट व विस्तीर्ण दृश्य दाखविते. तेव्हा छत्तीसाचा आकडा गाठणे किंवा ओलांडणे मुलांना अशक्य नाही. हा आकडाही त्यांना मोजणी संपल्यावरच सांगावा.

पाहताना पुढील गोष्टींकडे लक्ष वेधावे. अल्सायनीच्या लगत तीन मंद ताऱ्यांचा एक चिमुकला त्रिकोण आहे. अल्सायनीच्या दक्षिण अंगाला बारीक ताऱ्यांची एक वाकडी माळ लोंबते. साध्या डोळ्यांना एकच वाटलेली अ‍ॅटलास व प्लायोनी ही जोडी आता सहज वेगळी होते. ठळक ताऱ्यांचा रंग निळसर पांढरा आहे. रोहिणीकडे दुर्बीण वळवून पुन्हा कृत्तिकांवर आणली म्हणजे तो विशेष जाणवतो. हे तारे अतिशय तप्त आहेत. सूर्याच्या पृष्ठाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे, तर अल्सायनीचे १२,००० अंशांच्या घरात आहे. असे तारे आपले इंधन झपाट्याने जाळतात व दीर्घायुषी नसतात. कृत्तिकांचे वय अवघे १० ते १२ कोटी वर्षे मानले जाते. सूर्याचे सुमारे ४६० कोटी वर्षे आहे.

कृत्तिका आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत. म्हणजे आज रात्री मुलाच्या डोळ्यात शिरणारा प्रकाश गॅलिलिओ यांच्या पुस्तिकेच्याही सुमारे पाव शतक आधी तेथून निघालेला आहे.

दुर्बिणीत दिशा उलटसुलट दिसतात, त्यामुळे साध्या डोळ्यांचा नकाशा व दुर्बिणीतील नकाशा जुळत नाही, अशी तक्रार येईल. पहिला कागद उलटा फिरवून, आणि तरीही न जुळल्यास उजेडाकडे धरून पाठीमागून पाहण्यास सांगावे.

आकाशातील धुके आणि भिंगावरील धुके

कृत्तिकांच्या छायाचित्रांत ताऱ्यांभोवती निळे तेजोमेघ दिसतात. मेरोपीजवळचा मेघ विल्हेल्म टेम्पेल यांनी १८५९ साली व्हेनिस येथे लहान दुर्बिणीतून प्रथम पाहिला. हे मेघ स्वयंप्रकाशी नाहीत. त्यांतील धूळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, हे व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली वर्णपटाच्या साहाय्याने दाखविले. ही धूळ ताऱ्यांच्या जन्मकाळची शिल्लक नसून, समुदाय हल्ली ज्या मेघातून चालला आहे त्यातील आहे, असे आता मानले जाते.

छायाचित्र पाहिलेले मूल दुर्बिणीस डोळा लावताच “मेघ दिसला” म्हणेल. शाळेच्या दुर्बिणीतून तो दिसणे अत्यंत कठीण आहे. थंडीच्या रात्री नेत्रिकेवर श्वासाची वाफ धरते, भिंगावर दव पडते किंवा बोटाचा डाग असतो, आणि ताऱ्याभोवती अगदी तसेच वलय दिसते. येथे परीक्षेचा सोपा मार्ग आहे. दुर्बीण रोहिणीजवळील तारकागुच्छाकडे वळवावी. तेथे असे तेजोमेघ नाहीत. तेथील ताऱ्यांभोवतीही वलय दिसल्यास ते आकाशातील नव्हे, भिंगावरील होय. आपल्या साधनावर शंका घेणे आणि ती शंका दुसऱ्या निरीक्षणाने फेडणे, एवढे जरी मूल शिकले तरी विज्ञानाचे पुष्कळसे मर्म त्यास कळले.

नोंद ठेवण्याची रीत

प्रत्येक मुलाच्या कागदावर दिनांक, वेळ, चंद्र होता की नाही, आकाश स्वच्छ की धूसर, साधन कोणते आणि ताऱ्यांची संख्या, एवढी माहिती असावी. साध्या डोळ्यांची, द्विनेत्रीची व दुर्बिणीची संख्या वेगवेगळी लिहावी. दुसऱ्या दिवशी वर्गात सर्व संख्या फळ्यावर मांडून सर्वांत कमी, सर्वांत जास्त व सरासरी काढून घ्यावी. कोणाचीही संख्या खोडून ‘बरोबर’ संख्या लिहू नये. पंधरा दिवसांनी, पुन्हा चांदणे नसताना, तीच मोजणी करावी. सरावाने बहुतेकांची संख्या वाढते. नजर ताऱ्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवली असता मंद तारे अधिक चांगले दिसतात, ही युक्ती दुसऱ्या खेपेस शिकवावी व तिचा परिणाम संख्येवर काय झाला ते मुलांनाच शोधू द्यावे.

मुलांनी संख्या मांडल्यावर मग परंपरेतील सात नावे सांगण्यास प्रत्यवाय नाही. तैत्तिरीय ब्राह्मणात अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणिका अशी ती आली आहेत. त्यांतील तीन नावे मेघ व पर्जन्य यांची आहेत हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

जुन्या वचनाचा विचारही निरीक्षणाच्या कसोटीनेच कसा करावा, याचा आदर्श एका मराठी शिक्षकाने घालून दिला आहे. दापोली तालुक्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी आयुष्यभर शिक्षकाचा व्यवसाय केला आणि तो करीत असतानाच भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. कृत्तिका पूर्व दिशा सोडीत नाहीत, अशा आशयाचे शतपथ ब्राह्मणातील वचन त्यांनी विचारात घेतले. हे ज्याने लिहिले त्याने त्या ठीक पूर्वेस उगवताना पाहिल्या असल्या पाहिजेत, असे धरून आणि संपातचलनाचे गणित करून त्यांनी तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा ठरविला. या काळनिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. विचाराची दिशा मात्र अनुकरणीय आहे. आज आपल्याकडे कृत्तिका ठीक पूर्वेस न उगवता सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतात. शाळेच्या पटांगणात दोन काठ्या रोवून हे कार्तिकातील एखाद्या सायंकाळी पडताळून पाहता येईल.

शिक्षकांनी या हिवाळ्यात निदान दोन रात्री या निरीक्षणासाठी राखून ठेवाव्यात. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास कागद, पेन्सिल आणि अंधार पुरेसे आहेत. मुलांनी आणलेल्या संख्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर पाठ फसला असे समजू नये. सर्वांच्या कागदावर नेमके सात तारे आले, तर मात्र पाठ पुन्हा घ्यावा.